काळ्या मातीतली काच

वैशाखात गावी गेले होते. गोठ्याच्या मागे पाण्याची टाकी बांधायची म्हणून दादाने खड्डा घ्यायला लावला होता. आमच्याकडे, खानदेशात, काळ्या मातीवर थेट पाया कुणी घालत नाही. माती कंबरभर उकरून बाहेर काढायची, तिथे मुरूम भरायचा, पाणी मारून चोपायचा आणि मग वर बांधकाम. माती वाळून दगड झाली होती, भेगांत अख्खा पंजा जाईल अशी. गड्याची कुदळ एका जागी ठण्ण वाजली आणि त्याने खाली वाकून काहीतरी उचललं. गोटी सोड्याची जुनी बाटली. खालचा अर्धा भाग खड्ड्याच्या भिंतीत तसाच रुतून राहिला, मानेकडचा तुकडा त्याच्या हातात आला. गोटी अजून आतच होती, मानेच्या चिमटीत अडकलेली. दादाने तुकडा सदऱ्याला पुसला आणि उन्हात धरला. त्याच्यावर मोरपिसासारखे रंग उमटले होते, जांभळा, हिरवा, मध्येच तांब्याचा. आजोबांच्या काळात वेशीजवळ सोड्याचं दुकान होतं म्हणतात, तिथलीच असणार. दादाने बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “तुम्ही तो अणुभट्टीचा कचरा काचेत घालून मातीतच पुरणार ना? मग ही बघ काच.”

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं. मी घाईने म्हणाले, “ती काच वेगळी असते रे.” आणि मोरीवर जाऊन बाटली धुवायला बसले. राख घेतली, काथ्या घेतला, लहानपणी कंदिलाच्या काचा घासायचो तशी घासली. मागून वहिनी म्हणाली, “अहो, सालपटं निघताहेत तिची.” पाहिलं तर माझ्या अंगठ्यावर माशाच्या खवल्यासारखे पातळ, चमकते पापुद्रे चिकटले होते. रंग सगळे त्या पापुद्र्यांतच होते. खाली उरली ती एक आंधळी, खरबरीत, फिक्या हिरव्या रंगाची काच.

“ती काच वेगळी असते” हे खोटं नव्हतं, पण ते उत्तरही नव्हतं.

तो तुकडा मी पुण्याला घेऊन आले. आता खिडकीत ठेवलाय. वेगळी म्हणजे कशी वेगळी, हे मला दादाला सांगता आलं असतं. सोड्याच्या बाटलीत वाळू, सोडा आणि चुना. अण्विक कचऱ्याची काच बोरोसिलिकेटची, म्हणजे सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) आणि बोरॉन यांची, प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राच्या जातीची. इंधनाच्या पुनर्प्रक्रियेतून उरलेलं जहाल द्रव आटवायचं, काचेच्या घटकांबरोबर हजार अंशांच्या आसपास वितळवायचं आणि पोलादी डब्यात ओतायचं. फ्रान्सने मार्कूलला १९७८ साली हे कारखान्याच्या पातळीवर सुरू केलं. आपल्याकडे तारापूरला आणि तुर्भ्याला अशी काच बनते. तुर्भ्याच्या कचऱ्यात सल्फेट असायचं, ते साध्या बोरोसिलिकेटमध्ये नीट मुरत नाही, म्हणून तिथे बेरियम घातलेली काच घडवावी लागली. इथे किरणोत्सारी अणू काचेच्या डब्यात भरलेले नसतात, ते काचेच्या जाळ्यातच विणलेले असतात. काच विरघळेल तेवढेच ते सुटतील. म्हणून सगळा प्रश्न एवढ्यावर येतो, की काच पाण्यात किती वेगाने झिजते. कचऱ्यातलं किरणोत्सारी सीझियम-१३७ दर ३० वर्षांनी निम्मं होतं, त्याची काळजी काही शतकांची. पण टेक्नेशियम-९९ निम्मं व्हायला दोन लाखांहून अधिक वर्षं लागतात. इतक्या काळात खोल जमिनीतलं पाणी कधी ना कधी काचेपर्यंत पोचणार, हे सगळेच धरून चालतात. हे सांगणं सोपं होतं. अवघड होतं ते मातीबद्दल सांगणं, आणि तेच मी टाळलं होतं.

तरुणपणी दोन वर्षं मी एका प्रयोगशाळेत हेच काम करत होते. काच आमच्याकडे यायची ती किरणोत्सार नसलेली, खऱ्या कचऱ्याच्या जागी त्याच मूलद्रव्यांची निरुपद्रवी भावंडं घालून वितळवलेली. काळपट, जवळजवळ काळी, कडेला उजेड धरला तर मधासारखी तांबूस दिसायची. अकीकाच्या खलात ती कुटायची, चाळणीने चाळायची आणि दाण्यांवर बसलेली बारीक धूळ अल्कोहोलने धुऊन काढायची, कारण ती धूळ राहिली तर पहिल्याच दिवशी भराभर विरघळून सगळा हिशोब बिघडवते. मग टेफ्लॉनच्या डब्या, मोजलेली काच, मोजलेलं पाणी, आणि ९० अंशांची भट्टी. सात दिवस, अठ्ठावीस दिवस, तीन महिने. डबी आत ठेवताना वजन करायचं, बाहेर काढताना पुन्हा, म्हणजे वाफ निसटली नाही ना ते कळतं. बाहेर आलेल्या पाण्यात आम्ही बोरॉन मोजायचो. सिलिका विरघळते तशी परत बसतेही, बोरॉन एकदा सुटला की पाण्यातच राहतो. म्हणून किती काच गेली याची खरी साक्ष बोरॉनची.

पाण्यात एकट्या ठेवलेल्या काचेची वागणूक मला फार आवडायची. सुरुवातीला ती भराभर झिजते. ९० अंशांच्या शुद्ध पाण्यात दर चौरस मीटरमागे दिवसाला एखाद-दुसरा ग्रॅम. आधी सोडियम निघतो, त्याच्या जागी पाण्यातला हायड्रोजन शिरतो, मग सिलिकाचं जाळं उसवायला लागतं. पण पाणी हललं नाही तर लवकरच चित्र बदलतं. काचेतून सुटलेली सिलिका आसपासच राहते, पाण्याला आणखी सिलिकेची भूक उरत नाही, आणि काचेच्या अंगावर एक दाट, ओलसर थर जमतो. साखरेच्या घट्ट पाकात आणखी साखर टाकली तर तळाशी बसून राहते, काहीसं तसंच. फरक एवढा, की इथे काच स्वतःचाच पाक करते आणि वर स्वतःचंच पांघरूण विणते. वेग हजारो पटींनी खाली येतो. अठ्ठावीस दिवसांचा आकडा आणि तीन महिन्यांचा आकडा जवळजवळ सारखा आला की मला बरं वाटायचं, तापातून उठलेल्या माणसाची नाडी लागल्यासारखं.

मग आम्ही मातीसह डब्या भरल्या. माती म्हणजे बेंटोनाइट. काचेच्या डब्याभोवती भरायची जी माती जगभर ठरवली जाते, ती बहुतेक हीच. जपानचा आराखडा घ्या: काचेचा डबा, त्याभोवती १९ सेंटिमीटर जाडीचं पोलाद, त्याभोवती ७० सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर, सत्तर भाग बेंटोनाइट आणि तीस भाग वाळू, आणि हे सगळं जमिनीखाली किमान ३०० मीटर. ही माती पाणी लागलं की फुगते, प्रत्येक फट भरून काढते आणि पाण्याला वाहू देत नाही. तिच्यातलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. आणि आमच्या शेतात वैशाखात भेगाळणारी, मृगाच्या पहिल्या दोन सरींत भेगा मिटवून टाकणारी, बैलाच्या खुराला आणि ट्रॅक्टरच्या चाकाला गोळागोळा चिकटणारी जी काळी माती, तिच्यातही त्याच कुळाची खनिजं ठासून भरलेली असतात. मला हे पुस्तकात वाचल्यावर कळलं, पण गावात ते ज्ञान कधीचं आहे. मातीच्या धरणाच्या पोटात काळी मातीच भरतात. धाब्याच्या घरावर पावसाळ्याआधी खारी टाकतात. ती सोडियमची माती, भिजली की फुगून छिद्रं बुजवते आणि घर गळत नाही. बेंटोनाइटमध्येसुद्धा सोडियमची जात अधिक फुगते. आजोबा शिडीवर चढून धाब्यावर खारी पसरायचे आणि खाली मी टोपली भरून द्यायची.

डब्या उघडल्या त्या दिवशी भट्टीच्या दाराशी पहिल्या पावसाचा वास आला होता. तो वास मला आजही त्या खोलीसकट आठवतो. माती पाण्यात फुगून पिठल्यासारखी झालेली, गाळणी लगेच बुजायची, म्हणून आधी फिरवून गाळ खाली बसवायचा आणि वरचं पाणी घ्यायचं. आकडे आले. मातीच्या डब्यांत सिलिका कमी आणि बोरॉन जास्त. थोडा जास्त नव्हे, चांगलाच. म्हणजे जी माती काचेची राखण करायला ठेवली होती, तिच्या सोबतीत काच अधिक विरघळली होती.

मी तो संच फेकून दिला.

माझी खात्री होती की मातीतच बोरॉन असणार. नुसती माती आणि नुसतं पाणी असा कोरा नमुना मी ठेवला नव्हता, ती माझी चूक होती, आणि त्या चुकीचा आधार घेऊन मी नको असलेला आकडा नाकारला. पुन्हा सगळं मांडलं, या वेळी कोऱ्या नमुन्यासह. तीन महिन्यांनी तेच आलं. मातीतून आलेला बोरॉन वजा करूनही काच जास्तच गेलेली. नंतर वाचलं तेव्हा कळलं की बेल्जियममध्ये मोल इथे, जमिनीखाली सुमारे २२५ मीटरवर खोदलेल्या प्रयोगशाळेत, १९८०च्या दशकापासून काचेचे तुकडे थेट चिकणमातीत पुरून ठेवत होते आणि त्यांनाही हेच दिसत होतं. मी काही नवं शोधलं नव्हतं. पण खरं सांगणारा आकडा माझ्या हाताने बेसिनमध्ये ओतला गेला, याची बोच गेलेली नाही. दादाला “ती काच वेगळी असते” म्हणाले तेव्हा मी पुन्हा तेच केलं होतं.

कारण असं आहे. काचेला शांत व्हायला तिची सुटलेली सिलिका जवळ राहायला हवी. माती ती राहू देत नाही. मातीच्या कणांच्या कडा सिलिका धरून घेतात, पाणी पुन्हा भुकेलं होतं, आणि काच पुन्हा द्यायला लागते. मातीत किंवा भूजलात मॅग्नेशियम असेल तर ते सिलिकेशी जुळून नवी चिकणमातीच तयार होते. म्हणजे खाणारी माती आणखी वाढते. डब्याच्या पोलादाला गंज चढायला लागला की लोहही हेच करतं. काचेभोवतीचं पांघरूण जाड होत जातं, पण दाट होत नाही. शेतकऱ्याच्या घरात ज्याला काळी आई म्हणतात तिचा हा स्वभाव मी तोवर पाहिलाच नव्हता. ती पोटात घेते, हे आपण कौतुकाने म्हणतो. पोटात घेते म्हणजे खरोखरच घेते.

म्हणून माती नकोच, असं म्हणणं तेवढंच चुकीचं ठरेल. ही बाजू मला तितक्याच जोराने सांगायची आहे, कारण अर्धवट भीती अर्धवट धीरापेक्षा बरी नसते. मातीमुळे काच काही पट अधिक झिजते हे डबीतलं सत्य आहे. खोल जमिनीत माती नसेल तर खडकाच्या फटीतून वाहतं पाणी काचेशी येईल, सिलिका रोज धुऊन नेईल, आणि काच कधीच शांत होणार नाही. दाबून भरलेल्या बेंटोनाइटमधून पाणी वाहत नाही. त्यातला प्रत्येक अणू रेटारेटीत वाट काढत, एकेक पाऊल पुढेमागे करत सरकतो. सीझियम मातीच्या पदरांमध्ये अडकून बसतो. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण त्या बारीक छिद्रांतून जाऊच शकत नाहीत. टेक्नेशियमला मात्र माती पकडत नाही; त्याला बांधतं ते खोल जमिनीतलं प्राणवायू नसलेलं पाणी, जिथे तो विरघळायलाच तयार होत नाही. इटलीत दुनारोब्बाला विटांच्या मातीच्या खाणीत सिक्वोयाच्या नात्यातल्या झाडांचे पन्नासेक बुंधे सापडले, पंधरा लाख वर्षांहून जुने, जागच्या जागी उभे, आणि त्यांचं लाकूड अजून लाकूडच आहे. दगड झालेलं नाही, कुजलेलंही नाही. भोवती चिकणमाती होती, पाणी हललं नाही, हवा आत आली नाही.

काचेच्या बाबतीत मला सगळ्यात धीर देतात ते भूमध्य समुद्रातले रोमन काचेचे गोळे. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ एंबिए बेटाशी बुडालेल्या जहाजावर कच्च्या काचेची ढेकळं होती, अठराशे वर्षं समुद्रतळाशी पडलेली. ओतल्यानंतर थंड होताना काचेला तडे जातात. कचऱ्याच्या काचेलाही जातात, आणि तडे म्हटलं की आपल्याला वाटतं आता पाणी आत शिरलं, संपलं. पण तिथे पाहिलं तर बाहेरची, समुद्राच्या प्रवाहाला लागलेली बाजू झिजली होती आणि आतल्या अरुंद तड्यांमध्ये झीज कितीतरी कमी होती. आत पाणी होतं, पण साचलेलं. काचेने त्याला आपल्यासारखं करून घेतलं होतं.

आणि तरीही एक गोष्ट मनातून जात नाही, ती आमच्या स्वतःच्या दगडात लिहिलेली आहे. वाघोलीच्या खाणींकडे कधी गेलात तर फोडलेल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबी, मोत्यासारख्या झळाळीचे स्फटिक दिसतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात तर असे शेकडो मांडलेत. हे झिओलाइट. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, आणि पुढे त्याच्यातून फिरलेल्या कोमट-गरम पाण्याने खडकातली काच आणि इतर खनिजं विरघळवून या पोकळ्यांत स्फटिक रचले. प्रयोगशाळेत ज्या गोष्टीची आम्हाला धास्ती असायची ती हीच. पाणी फार अल्कधर्मी झालं तर शांत झालेल्या काचेवर कधीकधी अचानक झिओलाइटचे स्फटिक उगवतात, त्यांना लागणारं अॅल्युमिनियम आणि सिलिका पांघरुणातून ओढून घेतात, आणि काच पुन्हा पहिल्यासारखी झिजायला लागते. मुलीला घेऊन त्या संग्रहालयात गेले होते तेव्हा ती प्रत्येक कपाटापुढे “किती सुंदर” म्हणत होती आणि मी मात्र त्या स्फटिकांमागची नाहीशी झालेली काच पाहत होते. सुंदर तर ते होतेच.

आपल्या देशातली काच सध्या तारापूरसारख्या ठिकाणी हवेने थंड होणाऱ्या कोठारांत ठेवलेली असते. कोलारच्या सोन्याच्या खाणीत हजार मीटरवर खडक तापवून पाहण्याचे प्रयोग झाले, पण कायमची खोल जागा अजून ठरलेली नाही. ती ठरेल तेव्हा कुठल्या तरी गावाला कुणीतरी जाऊन सांगेल की घाबरू नका, भोवती माती आहे. तेव्हा त्या गावाला मातीची भूकही सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं. गावातल्या माणसाला ती कळेल. शहरातल्या माणसापेक्षा लवकर कळेल.

आषाढात दादाचा फोन आला. पेरणी झाली होती, भेगा मिटल्या होत्या, टाकीचा पाया मजबूत बसला होता. मी त्याला म्हटलं, त्या दिवशी तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. आणि सगळं सांगितलं. फेकून दिलेला संचसुद्धा. तो मध्ये बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे सुपर फॉस्फेटसारखंच. टाकलं की आधी माती खाते. तिचं झालं की मग पिकाला.” मी गप्पच झाले. इतकी वर्षं मी जे आलेख काढून समजावत होते ते त्याने एका वाक्यात आपल्या बांधावर आणून ठेवलं होतं. “मग मातीला आधीच चारायचं,” तो म्हणाला. मी सांगितलं, तेच करून पाहिलंय लोकांनी, मातीत आधीच काचेची पूड मिसळतात, मग मोठी काच कमी जाते. “हं,” तो म्हणाला, “आणि पोट भरायला किती वर्षं?” मी म्हटलं, माती किती आहे, कसली आहे, पाण्यात मॅग्नेशियम किती, यावर आहे, तुझ्या शेतात तरी सगळीकडे सारखं खत लागतं का? तो हसला नाही. नाही म्हणाला, खालच्या पट्टीला जास्तच लागतं.

फोन ठेवण्याआधी मी विचारलं, त्या बाटलीचा खालचा तुकडा काढला का रे? खड्ड्याच्या भिंतीत होता तो.

“नाही,” दादा म्हणाला. “तसाच आहे. बाजूने मुरूम भरला, पण तेवढी माती त्याच्याभोवती राहू दिली.”